लॉकरवरची पांढरी पट्टी

आज दुपारी 'फ्रायडे नाइट लाइट्स'च्या चौथ्या सीझनचा पाचवा एपिसोड बघितला आणि टीव्ही बंद करून बसलोय. माहितेय, सिरियल २०११ मध्येच संपली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती बघून, रडून, विसरूनसुद्धा टाकली असेल. आम्ही टेक्सासमध्ये राहतो, पोरगा हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळला, आणि तरी मी ती इतकी वर्षं मुद्दाम टाळली. गेल्या चार आठवड्यांत मात्र जेवण झालं की रोज दोन-दोन एपिसोड. आज राहवत नाहीये म्हणून लिहितोय. लांबणार आहे.

तिकडच्या मित्रांसाठी सांगतो, फुटबॉल म्हणजे इथलं. लांबट चेंडू, खांद्यावर पॅड, आणि दर शुक्रवारी रात्री दिव्यांच्या झगमगाटात सोळा-सतरा वर्षांची पोरं एकमेकांच्या अंगावर आदळतात. अख्खं गाव बघायला येतं.

आमचा पोरगा अकरावीत असताना एका शुक्रवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचा गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा आतला बंध, तुटला. गाडीवर घालून त्याला मैदानाबाहेर नेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, खेळ पुढे सुरू झाला. मंगळवारी मी त्याची बॅग आणायला शाळेत गेलो. तिथे प्रत्येक लॉकरवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर काळ्या मार्करने आडनाव. आमच्या लॉकरवर दुसऱ्याच पोराचं आडनाव होतं. नवी पट्टी थोडी तिरकी लागली होती आणि तिच्या खालून जुन्या पट्टीचा चिकट डाग बाहेर डोकावत होता. चार दिवस. फक्त चार दिवस झाले होते हो.

तर या सिरियलचा पहिला एपिसोड. डिलन नावाचं टेक्सासमधलं काल्पनिक गाव, पँथर्स टीम, तिचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, जेसन स्ट्रीट. गावाचा लाडका. पहिल्याच मॅचमध्ये समोरच्याला पाडायला (टॅकल करायला) जातो आणि कण्याला इजा होते, तो परत चालत नाही. त्याच मॅचमध्ये मॅट सॅरसन नावाचा दहावीतला बुजरा पोरगा त्याच्या जागी उतरतो आणि मॅच जिंकून देतो. एक पोरगा हॉस्पिटलमध्ये, दुसऱ्याच्या नावाचा जल्लोष, एकाच रात्री. बायको म्हणाली, पाणी देऊ का. मला ती तिरकी पट्टी दिसत होती.

हे सगळं ज्या पुस्तकावरून आलं ते मी पूर्वीच वाचलं होतं. बिसिंजर नावाचा पत्रकार घरच्यांना घेऊन पश्चिम टेक्सासातल्या ओडेसामध्ये राहायला आला आणि तिथल्या पर्मियन हायस्कूलच्या टीमसोबत १९८८ चा अख्खा सीझन काढला. १९९० ला पुस्तक आलं. तेलाचा धंदा बसलेला, गावात पैसा नाही, पण टीम चार्टर विमानाने मॅचला जायची. इंग्रजीच्या शिक्षकांना वर्षभराच्या शैक्षणिक साहित्यासाठी जेवढे पैसे, त्याहून जास्त खेळाडूंच्या औषधपट्ट्यांवर. आणि बूबी माइल्स! मोठमोठी कॉलेजं ज्याच्या मागे लागली होती, त्या पोराचा गुडघा सीझन सुरू व्हायच्या आधीच्या सराव सामन्यात गेला. गावाने त्याला कसं मनातून पुसून टाकलं हे वाचताना अंगावर काटा येतो. पुस्तक छापून आलं तेव्हा ओडेसा इतकं भडकलं, इतक्या धमक्या आल्या, की लेखकाचा तिथला दौरा रद्द करावा लागला. खरं बोललं की असंच होतं.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. पुस्तक ओरडून सांगत होतं की हे गाव स्वतःची पोरं खातंय. २००४ ला सिनेमा आला, २००६ ला सिरियल आली, आणि सिरियलवाल्यांनी मधोमध आणून बसवला कोच टेलर. काय तो माणूस! कमी बोलणारा, पोरांच्या घरी जाणारा, चुकला की बायकोचं ऐकणारा. ते काम करणाऱ्या काइल चँडलरला त्यासाठी २०११ चं एमी, टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं, ते योग्यच. पण असा एक देवमाणूस समोर उभा केला की बघणारा म्हणतो, कोच चांगला असला की सगळं ठीक होतं. नाही होत! किती शाळांना टेलर मिळतो? आमच्या वाट्याला आलेल्या कोचने ऑपरेशननंतर एकदा फोन केला होता, हे कबूल. दोन मिनिटं बोलला. त्यातलं एक मिनिट नव्या पोराबद्दल.

आणि जेसनच्या घरच्यांनी कोर्टात केस केली तेव्हाचं गाव आठवा. पोरगा व्हीलचेअरवर, हॉस्पिटलची बिलं डोक्यावर, आणि कालपर्यंत त्याच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं आज तोंड फिरवतात. का, तर शाळेवर आणि कोचवर बोट ठेवलं म्हणून. आम्ही काहीच केलं नाही. तक्रारीचं एक पत्रसुद्धा लिहिलं नाही. मुकाट्याने बॅग उचलून घरी आलो.

तिसऱ्या सीझनमध्ये कोचची बायको टॅमी प्रिन्सिपल होते आणि मैदानावरच्या भल्यामोठ्या स्क्रीनसाठी जमलेला पैसा वर्गांकडे, शिक्षकांकडे वळवायला बघते. हरते. स्क्रीन लागतोच. बायको म्हणाली, हे जरा जास्तच दाखवलंय. मी तिला इथल्याच, टेक्सासमधल्या ॲलन गावाची आठवण करून दिली. २०१२ साली तिथे एका हायस्कूलसाठी ६ कोटी डॉलरचं, १८ हजार खुर्च्यांचं स्टेडियम उभं राहिलं. लोकांनी मतदान करून त्या पैशाला मंजुरी दिली होती. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद ठेवावं लागलं. सिरियलमधला स्क्रीन म्हणजे काहीच नाही.

बरं, दुसऱ्या सीझनमधलं ते खुनाचं प्रकरण कुणी काढू नका. वाईट होतं, मान्य. पुढे लेखकांचा संप झाला आणि तो सीझन १५ एपिसोडवरच थांबला. आणि खेळाने पोरांना शिस्त लागते, मैत्री मिळते, कुणाकुणाला कॉलेजची स्कॉलरशिप मिळते, हेही खरं. कमेंटमध्ये लिहायची गरज नाही. माहितेय मला.

आता आजचा एपिसोड. मॅटचा बाप सैन्यात, इराकमध्ये मारला जातो. हा तोच मॅट, जो विसरभोळ्या होत चाललेल्या आजीला एकटा सांभाळत आलाय आणि तिच्यासाठी शिकागोचं आर्ट कॉलेज सोडून गावातच थांबलाय. बापावर त्याचा प्रचंड राग आहे. तो फ्युनरल होममध्ये जाऊन पेटी उघडायला लावतो, आत बघतो. आणि दफनाच्या वेळी फावडं उचलून स्वतः माती टाकायला लागतो. एक फावडं, दुसरं फावडं, थांबतच नाही. कॅमेरा हलतोय, जवळच कुठेतरी आहे, आपणही त्या लोकांत उभे आहोत असं वाटतं. हे पुस्तकात नाही. हे सिरियलवाल्यांचं स्वतःचं आहे, आणि इथे माझा राग जरा खाली आला. गावाने वापरून सोडलेला पोरगा मैदानाबाहेर कसा जगतो, हे दाखवायला त्यांनी ७६ एपिसोड घेतले. पुस्तकाला एकाच सीझनवर थांबावं लागलं होतं.

बापावरचा राग बघितला आणि जे कधी कुणाला सांगितलं नाही ते आठवलं. त्या शुक्रवारी मी कठड्यावरून उडी मारून ट्रेनरच्या टेबलापाशी पोचलो. पोरगा छताकडे बघत पडला होता, दात आवळून. मी त्याला पहिलं काय विचारलं असेल? दुखतंय का, असं नाही विचारलं. म्हणालो, "पुढच्या शुक्रवारपर्यंत होशील ना बरा?" त्याने मान माझ्याकडे वळवली आणि काही बोललाच नाही. गाव गाव म्हणून मी ज्यांना शिव्या देतोय, त्यांच्यात मीही होतो. बूस्टर क्लबचा, म्हणजे टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाचा, टीशर्ट घालून उभा होतो. पोराला फॉर्म भरायला मीच लावला होता. बायको तेव्हाही नको म्हणत होती.

इथपर्यंत लिहिलं आणि पोराचाच फोन आला. आता नोकरीला लागलाय, दुसऱ्या राज्यात असतो. रविवारी फोन करतोच. म्हटलं, अरे, ती सिरियल बघतोय. मग पट्टीचा विषय काढला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तो म्हणाला, "बाबा, ती पट्टी मी काढली होती."

म्हटलं, म्हणजे?

"सोमवारी मी कुबड्या घेऊन गेलो होतो ना शाळेत. तो पोरगा लॉकरसमोर बॅग घेऊन नुसता उभा होता. ज्युनियर टीममधून वर आणलं होतं त्याला. त्याला हात लावायची भीती वाटत होती. मग मीच काढली, आणि नवीन लावून दिली. एका पायावर उभा होतो, म्हणून तिरकी लागली."

मला बोलता येईना. तो हसला, म्हणाला, "तुम्ही अजून त्याच्यावर चिडलाय का?"

वरचं काही खोडत नाही. राग गेलेला नाही. सोळा वर्षांच्या पोराने मोडक्या गुडघ्यावर उभं राहून स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने काढायचं, आणि त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला हे काम आपलं वाटू नये? पण इतकी वर्षं मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या पोराचं अक्षर नव्हतं ते. माझ्याच पोराचं अक्षर होतं. मी समोर उभा राहून वाचलं आणि ओळखलं नाही.

फोन ठेवताना त्याला त्या पहिल्या प्रश्नाबद्दल सॉरी म्हणायचं होतं. जमलं नाही. गुडघा कसा आहे एवढंच विचारलं. थंडी पडली की दुखतो म्हणाला.