1910 ची टक्केवारी आणि एका सरहद्दीवरच्या जिल्ह्याची हद्द

पोलंड-जर्मनी सरहद्दीचा विषय निघाला की कोणीतरी 1910 च्या जर्मन जनगणनेवरून काढलेला भाषांचा रंगीत नकाशा टाकतं आणि अमुक जिल्हा जर्मन होता, तमुक पोलिश होता असा निकाल देऊन मोकळं होतं. मला हे मनापासून खटकतं. आकडा खरा असतो, पण तो ज्या हद्दीत मोजला ती हद्द कोणी बघत नाही.

फ्लाटो जिल्हा घ्या, पोलिशमध्ये झ्वोतूफ. क्रायना नावाच्या मुलखातला हा भाग 1772 मध्ये, शेजारच्या राज्यांनी पोलंडचा मुलूख वाटून घेतला त्या पहिल्या फाळणीत, पोलंडकडून प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. 1818 मध्ये मारिएनवेर्डर विभागाखाली फ्लाटोचा ‘क्राइस’ म्हणजे जिल्हा झाला. क्राइस आकाराने आपल्या तालुक्याच्या जवळपास, पण त्याचा प्रमुख लांडराट याच्या हातात पोलीस, कर आणि सैन्यभरती असं सगळंच होतं. 1872 च्या कायद्याने प्रशियाच्या पूर्वेकडच्या प्रांतांत जिल्हा-कारभाराला निवडून आलेली मंडळं मिळाली. त्यातून पोझेन प्रांत मुद्दाम वगळला, कारण तिथे पोलिश लोकांचं बहुमत होतं. म्हणजे फ्लाटोत एक पद्धत आणि शेजारच्या, पण पोझेन प्रांतातल्या, विर्सिट्झ जिल्ह्यात दुसरी. भाषा त्याच, गावंही तशीच. फरक फक्त प्रांताचा.

आता जर्मन साम्राज्याचा 1908 चा सभा-संघटना कायदा. सार्वजनिक सभा जर्मनमध्येच घ्यायची, असा त्यातला नियम. सूट कुणाला? ज्या जिल्ह्यात शेवटच्या जनगणनेनुसार जुन्या रहिवाशांपैकी जर्मनेतर मातृभाषेचे लोक एकूण लोकसंख्येच्या 60 टक्क्यांहून जास्त, तिथे. तीही फक्त 20 वर्षांसाठी, आणि सभेची खबर पोलिसांना 72 तास आधी देऊन. निवडणूक जाहीर झाल्यावरच्या मतदारसभा तेवढ्या यातून मोकळ्या होत्या. टक्केवारी गावाची बघत नसत, अख्ख्या क्राइसची बघत. फ्लाटो 60 च्या खूप खाली होता. त्यामुळे ज्या गावात घराघरांत पोलिश बोलत, तिथेही एरवी पोलिशमध्ये जाहीर सभा घेता येत नसे. हद्द थोडी इकडेतिकडे आखली असती तर त्याच गावाचा हक्क बदलला असता. म्हणून या टक्केवारीकडे निव्वळ लोकसंख्याशास्त्र म्हणून बघू नका. तिच्यावर कायदा उभा होता.

मोजणीतही दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे घरात जर्मन आणि पोलिश दोन्ही मातृभाषा सांगणाऱ्यांचा रकाना वेगळा असायचा. तो एकदा इकडे आणि एकदा तिकडे मिळवला की दोन ‘खऱ्या’ टक्केवाऱ्या निघतात. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. प्रशियात गाव आणि जमीनदाराची जहागीर ही दोन वेगळी प्रशासकीय एककं होती, बऱ्याचदा एकाच नावाची. 1910 च्या गावनिहाय यादीत गाव एका भागात सापडतं आणि जहागीर दुसऱ्या भागात. नुसतं गाव मोजलं तर जहागिरीवरचे शेतमजूर हिशेबातून गळतात. ही वेगळी जहागीर-एककं 1928 मध्ये मोडून आसपासच्या गावांत मिळवली, त्यामुळे 1925 आणि 1933 चे गावाचे आकडे शेजारी ठेवले की लोकसंख्या अचानक वाढल्यासारखी दिसते. माणसं तेवढीच असतात, कुंपण हललेलं असतं.

1920 मध्ये व्हर्सायच्या तहाने जिल्हा चिरला. त्सेम्पेलबुर्ग (सेंपूल्नो) आणि व्येंत्सबोर्ककडचा पूर्व भाग पोलंडला गेला, फ्लाटो शहर जर्मनीत राहिलं. पोलंडच्या बाजूला जर्मन मोठ्या संख्येने राहिले, जर्मनीच्या बाजूला झाक्शेवोसारखी पोलिश गावं राहिली. झाक्शेवोचे पाद्री बोलेस्वाव दोमान्स्की हे 1931 पासून 1939 मध्ये मृत्यू होईपर्यंत जर्मनीतल्या पोलिश संघाचे, म्हणजे तिथल्या पोलिश अल्पसंख्याकांच्या संघटनेचे, अध्यक्ष होते. 1910 चा अखंड जिल्ह्याचा आकडा या दोनपैकी एकाही तुकड्याला लागू पडत नाही, तरी तो सर्रास लावला जातो.

उरलेला जिल्हा 1922 मध्ये ‘सीमाप्रदेश पोझेन-पश्चिम प्रशिया’ नावाच्या प्रांतात टाकला. राजधानी श्नायडेम्यूल, आणि प्रांत एकमेकांना न जोडलेल्या तीन तुकड्यांचा. 1938 मध्ये तो मोडला आणि फ्लाटो पोमेरानियात गेला. 1939 मध्ये जर्मनीने सेंपूल्नो बळकावलं, पण दोन्ही अर्धे तेव्हाही जोडले नाहीत. सेंपूल्नो दान्झिग-पश्चिम प्रशियाखाली गेलं. देशाची सीमा पुसली तरी चिरलेली रेघ शिल्लक राहिली, ही मला या सगळ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

1945 नंतर दोन्ही बाजू पोलंडमध्येच आहेत. झ्वोतूफ 1950 पासून कोशालिन प्रांतात, 1975 मध्ये जिल्हे रद्द झाल्यावर पिवा प्रांतात, आणि 1999 मध्ये जिल्हे परत आले तेव्हा ‘विएल्कोपोल्स्का’ प्रांतात. सेंपूल्नो मात्र कुयाविया-पोमेरानियात.

जुनी नोंद शोधणाऱ्यांनी म्हणून देशापासून सुरुवात करू नये. आधी वर्ष, मग त्या वर्षीचं नोंदणी कार्यालय, मग आजचा जिल्हा. प्रशियात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद 1 ऑक्टोबर 1874 पासून सुरू झाली; त्याआधीचं चर्चच्या वह्यांत बघायचं. पोलंडच्या आजच्या नियमाने जन्माच्या नोंदी 100 वर्षांनी आणि विवाह-मृत्यूच्या 80 वर्षांनी सरकारी अभिलेखागारात जातात, त्याआतल्या स्थानिक नोंदणी कार्यालयात असतात. आणि 1900 च्या दाखल्यावर ‘जिल्हा फ्लाटो’ लिहिलेलं असलं, पण गाव व्येंत्सबोर्कजवळचं असेल, तर झ्वोतूफच्या कार्यालयाला पत्र धाडू नका. ते गाव 1920 पासून सेंपूल्नोच्या बाजूला आहे.