रविवारची सहल आणि रविवारी बंद असणारा कारखाना

‘झाडापासून बाटलीपर्यंतचा प्रवास प्रत्यक्ष पाहा’ अशी ठळक अक्षरांत जाहिरात करणारी सहल फक्त रविवारी निघते आणि तिच्यात दाखवल्या जाणाऱ्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टीही रविवारीच असते, हा निव्वळ योगायोग आहे असे मानायला मी तयार नाही. ठाण्याहून शहापूर तालुक्यातली एक आंब्याची बाग आणि तिला जोडलेले प्रक्रिया केंद्र दाखवणारी ही एकदिवसीय सहल आहे. माणशी घेतलेल्या रकमेत चहा-नाश्ता, जेवण आणि ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ धरलेला असतो. माजिवड्यापासून पडघ्यापर्यंतच्या वाहतूक कोंडीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, कारण ती आयोजकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल आणि त्यांच्या स्वतःच्या करणीच्या तक्रारीच भरपूर आहेत.

बागेत काढणीचे प्रात्यक्षिक होणार होते. मे महिन्याचा उत्तरार्ध असल्याने झाडांवर थोडी फळे शिल्लकही होती. पण प्रात्यक्षिकासाठी झेला, म्हणजे फळ देठासकट उतरवायची जाळीची काठी, नव्हता आणि तो चालवणारा माणूसही नव्हता. मार्गदर्शक म्हणून आलेल्या मुलाने एक फळ हाताने ओरबाडून काढले आणि ‘असा आंबा काढतात’ असे सांगून टाळ्यांची वाट पाहिली. माझे सासरे देवगडकडचे, आयुष्यभर कलमांत वावरलेले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आंबा देठासकट उतरवावा लागतो, कारण देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळा डाग धरतो, हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या मुलाच्या हातातल्या फळाच्या देठाच्या जागेवरून चिकाचा ओघळ खाली येत होता आणि तो मात्र आम्हाला ‘सेल्फी पॉइंट’कडे चलण्याची विनंती करत होता.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला चार पाने पाठ करायला देऊन रोजंदारीवर उभे केलेले असणार. राग आहे तो त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणून आमच्यासमोर उभे करणाऱ्यांवर. हापूस हे मुळात वर्षाआड धरणारे झाड असताना ‘आमची झाडे दरवर्षी भरघोस येतात’ असे त्याने सांगताच सासऱ्यांनी सहज विचारले, ‘पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार घालता का?’ कल्टार म्हणजे झाडाने दरवर्षी फळ धरावे म्हणून घालायचे रसायन. उत्तर आले, ‘काका, आमच्याकडे सगळे नैसर्गिक आहे.’ भौगोलिक मानांकनाचा फलक दिसला म्हणून मीही चौकशी केली. 2018 मध्ये हापूसला मिळालेल्या मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघरबरोबर ठाणे जिल्हाही आहे हे खरे. पण केवळ जिल्ह्यात बाग असून भागत नाही, बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती केली आहे का, या प्रश्नावर ‘सर्टिफिकेट ऑफिसमध्ये आहे’ असे सांगण्यात आले. ऑफिसही अर्थातच रविवारी बंद होते.

खरा कळस कारखान्यात झाला. आम्हा सर्वांना, लहान मुलांसकट, डोक्यावर जाळीच्या टोप्या आणि पायांत निळ्या पिशव्या घालायला लावून, हात निर्जंतुक करून एका काचेच्या भिंतीपाशी उभे करण्यात आले. काचेपलीकडे फळे धुण्याची टाकी कोरडी ठणठणीत होती, पल्परवर, म्हणजे गर काढायच्या यंत्रावर, निळी ताडपत्री बांधलेली होती आणि माणूस औषधालाही नव्हता. इतक्या सोवळ्याने आम्ही नेमके कशाला विटाळापासून वाचवत होतो, हे अजूनही मला उमगलेले नाही.

मग दूरचित्रवाणीवर चित्रफीत लावण्यात आली. तिच्यातला कारखाना काचेपलीकडच्या कारखान्याच्या कितीतरी पट मोठा होता आणि तिथल्या कामगारांच्या गणवेशावर वेगळेच बोधचिन्ह होते. गर काढल्यावर तो चाळला कसा जातो, आंबा आम्लधर्मी असल्यामुळे उकळबिंदूच्या खालच्या तापमानालाही तो टिकाऊ कसा करता येतो, 3.1 किलोच्या डब्यात किंवा मोठ्या पिंपातल्या निर्जंतुक पिशवीत कसा भरतात, हे सगळे मला घरी बसूनही वाचता येते. मुलांना ते चालू यंत्रावर दाखवायचे होते. शिवाय आंबा सुट्टी पाळत नाही. ऐन हंगामात पिकलेले फळ एक दिवस थांबवले तर नासते, म्हणून गराचे कारखाने या दिवसांत पाळ्या लावून चालतात. हा मात्र मेमध्ये रविवारी ताडपत्रीखाली निवांत होता.

सासऱ्यांनी इथे आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो अगदी वर्मावरचा होता. हापूसमधला साका बाहेरून ओळखू येत नाही. फळ देखणे दिसते आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर निघतो. अशी फळे गर काढण्याआधी वेगळी कशी करता? आणि कॅनिंगच्या आंब्याला शेतकऱ्याला किलोमागे काय दर देता? ‘काका, प्रश्न शेवटी घेऊ या.’ तो शेवट आलाच नाही, कारण शेवटी दुकान होते.

दुकानाला मात्र सुट्टी नव्हती. बाग आणि कारखाना मिळून जितका वेळ दिला गेला, त्याहून अधिक वेळ आम्हाला तिथे थांबवण्यात आले. चालक जेवतो आहे, असे कारण सांगून बसचे दार बंद ठेवले होते. ‘आमच्याच बागेतला निव्वळ आंबा’ म्हणून विकली जाणारी स्क्वॅशची बाटली मी हातात घेतली. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिले नाव साखरेचे होते, दुसरे पाण्याचे आणि त्यानंतर आंब्याचा गर. हा गुन्हा नव्हे, स्क्वॅशमध्ये फळाचा अंश किमान 25 टक्के असला की नियमाची पूर्तता होते. परंतु मग ‘निव्वळ’ हा शब्द कोणत्या तोंडाने वापरता? त्याच्याही खाली, भिंगातून वाचावा अशा अक्षरांत उत्पादकाचा पत्ता होता आणि तो परराज्यातला होता. म्हणजे झाड शहापूरला, बाटली दुसऱ्या राज्यात, आणि मधला प्रवास प्रत्यक्ष पाहण्याचे पैसे आमच्याकडून.

सोमवारी फोन करून मी रक्कम परत मागितली. पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितले की सहल ‘पूर्ण’ झाल्यामुळे परतावा मिळणार नाही, मात्र पुढच्या रविवारी पुन्हा आल्यास दहा टक्के सवलत देता येईल. कारखाना चालू असलेल्या एखाद्या दिवशी या सवलतीत येता येईल का, असे मी विचारले. सहल फक्त रविवारीच असते, असे त्या म्हणाल्या.