मातीचा अहवाल आधी, ताबा नंतर

पुण्यात कारखान्याची किंवा डेपोची जागा मोकळी झाली की वाद ठरलेला: वर काय बांधायचं? कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोवर शिवसृष्टी की मेट्रोचा डेपो, हा वाद किती रेंगाळला ते आठवा. शेवटी मेट्रो तिथे आली आणि शिवसृष्टीसाठी चांदणी चौकाजवळची जागा पुढे आली. भोसरी-चिंचवडच्या बंद शेडबद्दलही बोलणं एफएसआय (किती बांधकाम करता येईल) आणि सुविधा भूखंड (मैदान-बागेसारख्या सोयींसाठी बिल्डरने महापालिकेच्या ताब्यात द्यायची जागा) यांभोवतीच फिरतं. त्या भूखंडावर उद्या मुलं खेळणार, म्हणून मातीत काय मुरलंय हा प्रश्न मला पहिला वाटतो.

इथे जर्मनीत, रूरच्या जुन्या कोळसा-पोलाद पट्ट्यात, अशा जमिनींना ‘आल्टलास्टन’ म्हणतात, म्हणजे जुनी ओझी. त्यांची नोंदवही स्थानिक प्रशासनाकडे असते. आपण सातबारा काढतो तसा जागा घेणारा आधी तिथला दाखला काढतो. नियमही वापरानुसार बदलतो. एक किलो मातीत शिसं २०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की खेळाच्या मैदानासाठी तपास लागतो. घरांसाठी ही रेषा ४००, सार्वजनिक बागेसाठी १०००, कारखान्यासाठी २०००. मैदानात नमुने दोन थरांत घेतात, वरचे १० सेंटिमीटर आणि त्याखालचा थर. खालच्या थराची खोली मुलं खेळताना किती खोल उकरू शकतात त्यावरून आलेली आहे. आपल्या नियमांत अशी नजर यायला हवी.

सगळी माती उकरून नेली म्हणजेच सफाई, असं मात्र इथेही नाही. ड्युसबर्गचा लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला आणि पुढे त्याचं उद्यान झालं. तिथली फार दूषित माती जुन्या खनिज-बंकरांतच, म्हणजे खनिज साठवायच्या कोठ्यांतच, बंद करून ठेवली आहे. माणूस आणि विष यांच्यात पक्का आडपडदा असणं महत्त्वाचं.

पुण्यात काय करायचं ते प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, शेडवरून पाहू. टाक्या उचलल्यावर शहाबादी फरशीच्या सांध्यांत पिवळट डाग दिसले, तर तिथून सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) खाली गेलेलं असू शकतं. नमुने टाक्यांखालून, गटाराच्या कडेने, शोषखड्ड्यातून आणि गाळ साठवायच्या जागेतून घ्यावेत. चार कोपऱ्यांची माती एकत्र कालवून एकच नमुना दिला, की एका जागचं विष चार भागांत वाटलं जातं आणि अहवाल स्वच्छ येतो. ही चूक सर्रास होते.

धातूवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावक वापरलं असेल तर गोष्ट आणखी अवघड. ते पाण्यापेक्षा जड, त्यामुळे मुरुमातून खाली उतरतं, बेसाल्टच्या भेगांत शिरतं आणि बोअरवेलपर्यंत पोचतं. वरची माती मात्र निर्दोष दिसते. नंतर वाफ स्लॅबच्या तड्यांतून घरात येते. म्हणून फरशीखालची हवा आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासायला हवं. या द्रावकासाठी घेतलेले मातीचे नमुने कालवायचेच नाहीत. उघडे राहिले तरी वाफ उडून जाते. काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाने, बर्फात ठेवून लॅबला द्यायचे.

दूषित ठिकाणची माती काढून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवावी. क्रोमियम उरलं असेल तर फेरस सल्फेटने त्याचं कमी घातक रूप करता येतं. बाकी भागावर भडक रंगाचं जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं टिकाऊ कापड) अंथरायचं, म्हणजे पुढे कुणी खणलं तर कुठे थांबायचं ते कळेल. त्यावर ६० सेंटिमीटर तपासलेली माती. ‘तपासलेली’ हा शब्द सोडू नका, कारण ट्रकमधून येणारा मुरूम दुसऱ्याच कुठल्या शेडखालचा असू शकतो. खोदाई डिसेंबर ते एप्रिलमध्येच उरकावी. जूनमध्ये उघडा राहिलेला खड्डा भरला की ते पाणीसुद्धा दूषित, आणि त्याची विल्हेवाट वेगळी.

जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढले: संशयित जागांची यादी, तपासणी, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून. पाऊल चांगलंच आहे. पण प्रत्यक्ष सफाई कधीपर्यंत संपवायची याची मुदत त्यात नाही, आणि कचरा डेपोचा घनकचरा त्यांच्या बाहेर आहे. तेव्हा महापालिकांनी स्वतःची अट घालावी: मातीच्या अहवालाशिवाय सुविधा भूखंडाचा ताबा नाही. रूरमध्ये जमिनीला भाव कमी, म्हणून खर्च बराचसा सरकारी तिजोरीतून होतो. पुण्यातल्या जमिनीचा भाव हा खर्च सहज पेलेल, आणि तो बिल्डरकडूनच घ्यावा.

अहवालात नमुन्यांच्या जागांचा नकाशा, प्रत्येकाची खोली आणि प्रयोगशाळेचे मूळ आकडे असावेत. ‘माती समाधानकारक आढळली’ एवढ्या एका ओळीवर कुठल्याही अधिकाऱ्याने ताब्याच्या कागदावर सही करू नये.