सहा महिन्यांत सिस्टर होता येतं?

"नर्सिंगची चार वर्षं म्हणजे नुसतं फळ्यावरचं शिक्षण. सहा महिने वॉर्डात काढले की सगळं येतं. जुन्या सिस्टर कुठे शिकायला गेल्या होत्या?" हा मेसेज या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. मुंबईत अकरा वर्षं वॉर्डात ड्युटी केली, आता मुलींना शिकवते, म्हणून उत्तर देते.

जुन्या सिस्टर शिकूनच आल्या होत्या. पहिल्या भारतीय नर्स मानल्या जाणाऱ्या काशीबाई गणपत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात प्रशिक्षणाला आल्या त्या १८९१ साली.

'नुसतं फळ्यावरचं' हेही खोटं. नर्सिंगच्या बी.एस्सी. पदवीची चार वर्षं असोत की जी.एन.एम. या पदविकेची तीन, त्यातला मोठा भाग वॉर्डातल्या पोस्टिंगचा, म्हणजे तिथे काम करत शिकण्याचाच असतो.

आता 'सहा महिन्यांत सगळं येतं' याबद्दल. हात बसतो, हे खरं. सलाईन लावणं, कॅथेटर घालणं बघून आणि करूनच जमतं. पण इन्सुलिनचं काय? आपल्याकडे ते मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींत मिळतं. ४०च्या सिरिंजचं टोपण लाल, १००च्या सिरिंजचं नारिंगी. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर रुग्णाच्या अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. रात्री रक्तातली साखर धोकादायक उतरते, रुग्णाची शुद्ध हरपू लागते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, आजोबा शांत झोपलेत. टोचणारा हात दोन्ही वेळा सारखाच सफाईदार असतो. चूक कळते ती वर्गात केलेल्या गणितामुळे, आणि घाम फुटलेला रुग्ण का हलवून उठवायचा हे शिकल्यामुळे.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. नवी मुलगी पहिल्या नाइटला गांगरते. एकीकडे नवी ॲडमिशन, दुसरीकडे सलाईन संपलेलं, दारात चिडलेले नातेवाईक. आधी कुठे धावायचं, हे वर्गात शिकवून होत नाही. मीही त्या रात्री लिनन रूममध्ये जाऊन रडले होते. पण त्याचं कारण वर्ग नव्हता. पोस्टिंगमध्ये आमच्याकडून बेड लावून घेतले, बी.पी. मोजून घेतले, सॅम्पल लॅबला पाठवले. या रुग्णाकडे आधी का गेलीस, असं कुणीही विचारलं नाही. इनचार्ज सिस्टरना दोष देत नाही, त्यांना स्वतःला पाणी प्यायला फुरसत नव्हती.

म्हणून वर्गाचे तास कापायची मागणी करू नका. पोस्टिंगच्या प्रत्येक गटासोबत ट्यूटर वॉर्डात उभी हवी आणि वॉर्डात सिस्टरांच्या जागा भरलेल्या हव्यात, ही मागणी करा.