शांत झोपेसाठी केअर सेंटर कसं निवडावं

जागा बघायला जायचं ते शनिवारी, सकाळी ११ वाजता, आणि आधी फोन करून. तोवर फिनाईल वाळलेलं असतं, आंघोळी उरकलेल्या असतात, मानेवर पावडर पडलेली असते आणि व्हीलचेअरवरची मंडळी टीव्हीसमोर एका रांगेत लावून झालेली असतात. सकाळी साडेसहाला किंवा रात्री नऊनंतर न कळवता जाऊन दारात उभं राहणं हे शुद्ध असंस्कृतपणाचं लक्षण आहे. त्या वेळी तिथे जे चाललेलं असतं ते दिसतं, आणि ते एकदा दिसलं की पुढचा सगळा बेत नासतो.

हे मी अनुभवाने सांगतो. आमचे अण्णा एस.टी.त वाहक होते. ३१ वर्षं चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, घाटात कधी तोल गेला नाही. ८२व्या वर्षी घरच्या बाथरूमसमोर पायपुसण्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बॉल बसवला. डॉक्टर म्हणाले, आता झोपवून ठेवू नका, वॉकर द्या, रोज चालवा. आम्ही तीन भावंडं. दादा न्यू जर्सीत, ताई नाशिकला, मी पुण्यात, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा 'महिना-दोन महिन्यांपुरतं' एखादं रिहॅब सेंटर बघायचं ठरलं. 'महिना-दोन महिन्यांपुरतं' हे शब्द पाठ करून ठेवा. नातेवाइकांना सांगताना लागतात, आणि चौथ्या महिन्यातही तितकेच ताजे राहतात.

नावाने बिचकू नका. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की अजूनही बाळंतपण आठवतं. निम्मं पुणं तसल्या दोन मजली इमारतींमध्ये जन्माला आलं. आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही तशीच सोय झाली आहे, फक्त पाटीवर केअर सेंटर, असिस्टेड लिव्हिंग, रिहॅब असं काही लिहिलेलं असतं. कायद्याच्या पुस्तकात १९४९ सालापासून शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे, आणि त्यातली व्याख्या आजारी, जखमी, दुर्बळ माणसांना ठेवून घेऊन उपचार-शुश्रूषा करणाऱ्या जागेला लागू पडते. म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्याचा मोह होतो. मला झाला. मॅनेजर हसून म्हणाला, "साहेब, आपलं हॉस्पिटल नाहीये, घरासारखं आहे." पाच मिनिटांनी दरपत्रक पुढे सरकवताना तोच म्हणाला, "ऑक्सिजन, मॉनिटर, सगळा हॉस्पिटलसारखा सेटअप आहे आपल्याकडे." घर आणि हॉस्पिटल यांच्या मधोमध अशी एक सुंदर जागा असते, जिथे नियम घरचे आणि बिल हॉस्पिटलचं.

रिसेप्शन मात्र नीट बघा. खरी पारख तिथेच होते. गणपती हवा, समोर बॅटरीवरचा दिवा हवा, मासे असले तर उत्तम. भिंतीवर हसणाऱ्या आजी-आजोबांचा फ्लेक्स असतोच. आजोबा गोरे, निळ्या डोळ्यांचे. आजींचे दात त्यांचे स्वतःचे. या जोडप्याला मी पुण्यातल्या चार सेंटरांत भेटलो आहे, त्यामुळे आता घरोबा वाटतो. मागे हिरवळ असावी. तिच्यावर कुणी चालताना दिसणार नाही, कारण हिरवळ खराब होते.

दादाने न्यू जर्सीहून सांगितलं, तिकडे सरकारच नर्सिंग होम तपासतं आणि एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय सापडलं, माणसामागे नर्स किती, सगळं वेबसाइटवर वाचता येतं. मी त्याला म्हटलं, आपल्याकडेही तारे आहेत, गूगलवर ४.८. अभिप्राय वाचून दाखवले. 'पार्किंग प्रशस्त.' 'स्टाफ विनम्र.' 'हायवेला लागून, सापडायला सोपं.' एकाही अभिप्रायात कॉटवर झोपलेल्या माणसाने काही लिहिलेलं नव्हतं, पण त्यांच्याकडे मोबाइल नसतात, हे समजून घ्यायला हवं.

आता खोल्या. इथे नजर सांभाळा. साधारण पडद्यांच्या उंचीवर ठेवावी, खाली आणू नये. खाली आणली की हाताची नखं दिसतात. वाढलेली, आत काळं साचलेली नखं पाहिली की कळतं या माणसाचा हात शेवटचा कुणी हातात घेतला असेल. पाण्याचा ग्लास कुठे आहे तेही पाहू नका; तो नेहमी असतो, स्वच्छ असतो, झाकलेला असतो आणि कॉटवरून हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर असतो. घंटीचं बटण भिंतीला असतं. चादर वर करून टाचा आणि माकडहाड बघणं तर सोडूनच द्या. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमा, आधी तिथे होतात. नुसती लाल झालेली, बोटाने दाबली तरी पांढरी न पडणारी जागा, तिथून सुरुवात. त्यावर उपाय म्हणून एअर बेडचे वेगळे पैसे घेतात आणि पंपाचा प्लग कधी कधी कुणाच्या तरी मोबाइलच्या चार्जरसाठी काढलेला असतो.

कूस बदलल्याचा तक्ता मात्र जरूर बघा, फार देखणा असतो. स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, म्हणून कॉटच्या पायथ्याशी कागद लावलेला असतो: डावी, उजवी, पाठ, डावी. मी पाहिलेला तक्ता अक्षराच्या स्पर्धेत ठेवावा असा होता. एकच निळं पेन, एकच वळण, कुठे खाडाखोड नाही. फक्त मी तो संध्याकाळी पाचला पाहत होतो आणि रात्री दोनची 'उजवी' भरून झाली होती. कामाला इतकं आधी लागणारा स्टाफ हल्ली कुठे मिळतो?

जेवणाची वेळ टाळलेली बरी. संध्याकाळी सहाला रात्रीचं जेवण असतं, कारण साडेसातला ड्यूटी बदलते. चमचा भरवणारी एक आणि तोंडं सोळा असली की कॉटची पाठ वर करणं, घास गिळेपर्यंत थांबणं, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवणं, हे सगळं पुस्तकात राहतं. आडवं ठेवून भरवलं की ठसका लागतो, घास श्वासनलिकेकडे जातो आणि दोन दिवसांनी ताप येतो. मग फोन येतो, "बाबांना छातीत कफ झालाय, वय झालंय ना." नाकातून अन्नाची नळी असलेल्यांचं सोपं असतं. ती त्यांनी ओढून काढू नये म्हणून हात पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधतात, पण मऊ पट्टीने. "मऊ पट्टी आहे" हे मॅनेजरने मला दोनदा सांगितलं. आणि आठ वाजता गोळी. कसली, असं विचारलंत तर "शांत राहण्याची" असं उत्तर मिळेल. त्यापुढे विचारू नका. शांतता कोणाला नको असते?

इथे थोडं थांबून डायपरबद्दल बोलायला हवं, कारण रिहॅबचा गाभा तो आहे. आमचे अण्णा पडायच्या दिवसापर्यंत आपल्या पायांनी संडासला जात होते. सेंटरमध्ये पहिल्याच रात्री त्यांना डायपर बांधला. का, तर वॉकर धरून संडासापर्यंत न्यायला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात. डायपरला एक माणूस आणि चार मिनिटं. हिशेब सरळ आहे. चालायला शिकवायला आणलेल्या माणसाचं चालायचं सर्वांत मोठं कारण पहिल्या रात्रीच काढून घेतलं की पुढे फिजिओथेरपीवर फार भार राहत नाही. ती बिलात रोज असते. एक मुलगा येतो, पाय गुडघ्यात वाकवतो, सरळ करतो, "काका, जोर लावा" म्हणतो आणि पुढच्या कॉटकडे वळतो. अण्णांनी त्याला विचारलं, "बाळा, गाडी स्टँडवरून कधी सुटणार?" तो म्हणाला, "हळूहळू." महिनाभर डायपर लावला की माणसाला त्याची खरोखरच गरज पडू लागते, आणि मग डायपर लावण्याचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते सगळ्यांनाच पटतं.

सिस्टरचं शिक्षण विचारू नये. नर्सिंगच्या एएनएम कोर्सला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, गुलाबी गणवेश शिवायला दोन दिवस. मावशींना तर काहीच विचारू नका, विशेषतः पगार. बारा तासांची ड्यूटी, जायला-यायला दोन बस, आणि गावाकडे त्यांची स्वतःची सासू अंथरुणाला खिळलेली. तिच्याकडे कोण बघतं, हा प्रश्न मी एकदा विचारून बसलो. "शेजारीण जाते मधूनमधून," म्हणाल्या, आणि शेजारच्या आजींचं तोंड पुसायला वळल्या. ती आजी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. असल्या गोष्टींची नोंद कुठल्याही तक्त्यात नसते.

पैशांचं मात्र खुशाल विचारा. मॅनेजर दुखावत नाही. आम्हाला महिना ४२,००० सांगितले आणि त्यात 'सगळं' धरलं होतं. डायपर, हातमोजे, औषधं, एअर बेड, डॉक्टरांची फेरी आणि फिजिओ एवढं सोडून. मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त असाल तर पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर जा. अपवर्जनं, म्हणजे कंपनी ज्याचे पैसे देत नाही त्या गोष्टी, तिथे असतात. क्रमांक ०५: विश्रांतीसाठी, पुनर्वसनासाठी आणि घरच्यांना उसंत मिळावी म्हणून केलेली भरती. तिन्ही गोष्टी एका ओळीत. विमा कंपनीइतकं आपलं मन कुणी ओळखलेलं नाही.

आणि कायद्याची भीती बाळगू नका. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्यात न्यायाधिकरण मुलांना द्यायला लावू शकेल अशा निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवली आहे, म्हणजे आमच्या सेंटरचा साधारण एक आठवडा. ज्येष्ठाला कायमचं टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिपॉझिट भरताना हा आकडा मला आठवला. आमच्या डिपॉझिटची रक्कम त्याच्या दहापट होती. टाकून न देणं बरंच महाग पडतं. भिंतीवर १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर लावलेला दिसला तर तेवढ्यावर खूश व्हा. खोलीत फोन आहे का, ते बघत बसू नका.

सीसीटीव्ही हवाच. आम्ही त्याच्यासाठीच हे सेंटर निवडलं. दादा तिकडून बघतो. त्याला अण्णांची कॉट वरून, कोपऱ्यातून दिसते, आवाज येत नाही. दोन आठवडे त्याने रोज पाहिलं, मग म्हणाला, "चांगलं वाटतं रे, शांत पडलेले असतात." शिवाय रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो येतो: अण्णा, भांग पाडलेला, गंध लावलेलं. ताई त्यावर हात जोडते. एकदा फोटोत अण्णांच्या तोंडातली कवळी जरा मोठी वाटली. ती शेजारच्या कुलकर्णी आजोबांची निघाली. पण दात दिसत होते, ही गोष्ट महत्त्वाची.

ज्यांना तिथे राहायचं त्यांचं मत सर्वांत शेवटी घ्यावं, सही झाल्यानंतर. आम्ही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा अण्णांची पाहणी आटोपलेली होती. कॉटवरून न हलता.

"सीट सोळा आहेत," म्हणाले. "रात्रीला वाहक एक. ड्रायव्हर दिसला नाही."

"डॉक्टर येतात अण्णा, बुधवारी."

"ओव्हरलोड आहे. चेकिंग कधी येतं?"

मी गप्प. अण्णांच्या अख्ख्या नोकरीत चेकर कुठल्या फाट्यावर हात करून चढेल याचा नेम नसे. त्यामुळे पिशवीतली चिल्लर आणि फाडलेली तिकिटं कुठल्याही क्षणी जुळलेली असत. त्यांना वाटत होतं, इथेही कुणीतरी न सांगता चढत असेल.

"आम्ही शनिवारी येऊन बघून गेलो होतो," मी म्हटलं.

"फोन करून?"

मी पडद्यांकडे पाहिलं. फिकट निळे, चांगले होते.

"काल रात्री चारदा सिंगल बेल दिली," ते म्हणाले. "गाडी थांबली नाही." सिंगल बेल म्हणजे थांबवा आणि डबल म्हणजे सोडा, एवढं एस.टी.त वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. बटण त्यांनी मावशींकडून वायर सोडवून उशाखाली घेतलं होतं. घंटी काउंटरवर वाजते. काउंटरवर टीव्ही आहे.

मग त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला. मी दिला. आख्खा प्यायले, आणखी मागितला, तोही प्यायले. मी घड्याळ बघितलं. भेटायची वेळ चार ते सहा, सहा वाजत आले होते. "उद्या येतो," म्हटलं. पादत्राणं घालायला खाली वाकलो तेवढ्यात काउंटरवर घंटी वाजली. दोनदा, लागोपाठ. तिथल्या मुलीने मान वर केली नाही. माझी मात्र झाली.

डबल बेल होती. गाडी सोडा. मी सोडली.