बोट लागली

माझं आजोळ दाभोळ. ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत ही गोष्ट मी कुणालाही सांगतो, आणि बायकोच्या माहेरी तर लग्न ठरल्यापासून सांगत आलोय. तिचं माहेर सोलापूर. तिकडे मोठं पाणी म्हणजे उजनीचं धरण, नाहीतर सिद्धेश्वराचं तळं. त्यामुळे सासूबाईंना घेऊन अंदमानला जायचं ठरलं तेव्हा सागरी व्यवहाराचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. "आई, तुम्ही काही काळजी करू नका. समुद्र माझ्या रक्तात आहे," असं मी त्यांना फोनवर सांगितलं. आता खरा हिशेब मांडायचा तर माझा सागरी अनुभव म्हणजे दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट. ती खाडी ओलांडते. दहा मिनिटं लागतात, आणि ती दहाही मिनिटं मी गाडीतच बसून असतो, एसी लावून.

अंदमानात सूर्य मुंबईच्या तास-सव्वा तास आधी उगवतो, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे तिकडे सगळं पहाटेच सुरू होतं. आमच्या टूर मॅनेजरने साडेचारला नाश्त्याचे डबे हातात दिले आणि सव्वापाचला आम्हा बत्तीस जणांना पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर उभं केलं. बॅगा स्कॅन, ओळखपत्रं, तिकिटाचा कागद, बॅगांना चिठ्ठ्या. हातात चाकाच्या बॅगा नसत्या तर चेहऱ्यावरून आम्ही काळ्या पाण्यालाच निघालोय असं वाटलं असतं.

पहिला घोळ नावांचा. तिकिटावर लिहिलेलं 'स्वराज द्वीप'. मॅनेजर म्हणत होता हॅवलॉक. 2018च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं, आणि 2024 साली खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम झालं. पण तिथली माणसं अजून जुन्याच नावांनी बोलतात. सासूबाईंनी तिकीट वाचलं, मॅनेजरचं ऐकलं आणि माझी बाही ओढली. "जावईबापू, आपले पैसे स्वराजचे भरलेत ना? मग हा आपल्याला हॅवलॉकला कुठं नेतोय?" मी त्यांना सगळी कथा सांगितली. हा हॅवलॉक म्हणजे 1857 साली कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा इंग्रज सेनापती. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं मेल्याचं नाव काढलं ते."

बोट लागू नये म्हणून आमच्या ग्रुपने आणलेला दारूगोळा पाहण्यासारखा होता. आलेपाक, आवळासुपारी, ओवा, लिंबं, लवंगा, आणि अर्थात गोळ्या. पुण्याच्या एका काकांनी शर्टाच्या आतून पोटाला वर्तमानपत्र बांधलं होतं. त्यांच्या मते त्याने गाडी, बोट, विमान काहीच लागत नाही. अंक रविवारचा होता, पुरवणीसकट. काका वाकले की कुरकुर आवाज यायचा. बायकोने मला गोळी दिली. ती निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. मी ती खिशात टाकली आणि दाभोळचा उल्लेख केला.

बोटीच्या दारात एक विशीतला पोरगा उभा होता, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन. सरसकट सगळ्यांना तो पिशव्या देत नव्हता. येणाऱ्याचं तोंड बघायचा आणि ठरवायचा. सासूबाईंना त्याने हात जोडले, पिशवी दिली नाही. पोटात पेपरवाल्या काकांना एक दिली. माझ्याकडे त्याने जरा जास्त वेळ पाहिलं आणि दोन पुढे केल्या. मी हसून "नहीं चाहिए" म्हटलं. त्यानेही हसून त्या सासूबाईंच्या हातात ठेवल्या.

बोट म्हणजे वारा, डेक, कठडा, मागे फेसाची रेघ, अशी माझी कल्पना होती. ही खासगी कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची वेगवान बोट. आत शिरलो तर सरळ शिवनेरी बस, फक्त दहापट रुंद. बंद काचा, कडक एसी, टीव्हीवर गाणी. डेकवर जायला बंदी. आम्हाला पुढच्या रांगा मिळाल्या आणि मी त्या मिळाल्याबद्दल मॅनेजरचे आभारही मानले. बोट सर्वांत जास्त उचलते आणि आपटते ती पुढून, आणि जाणकार मागे मधोमध बसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरकारी फेरी स्वस्त असते, अडीचेक तास घेते, पण तिथे बाहेर उभं राहून समोरचं क्षितिज बघता येतं. आम्ही वेळ वाचवायला जास्त पैसे भरून गारठ्यात कोंडून घेतलं होतं.

बंदरातली पहिली पंधरा मिनिटं फार छान गेली. मी सासूबाईंना डावं-उजवं समजावून दिलं. मग किनाऱ्याचा आडोसा संपला.

दिवाळीच्या सुट्टीतले दिवस, त्यात दोन दिवसांपूर्वी बंगालच्या उपसागरात काहीतरी शिजून गेलेलं. बोट वर गेली, क्षणभर तिथेच थांबली, विचार केला, आणि खाली बसली. माझं शरीर तिच्याबरोबर खाली आलं. पोट नंतर आलं. अशा दहा-बारा फेऱ्या झाल्यावर ते यायचंच बंद झालं.

यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं, ते मेंदूला सांगतं की आपण हलतोय. डोळ्यांना समोर स्थिर खुर्ची आणि नाचणारी हिरॉइन दिसत असते, ते सांगतात की आपण बसलोय. मेंदूला दोघांचा मेळ लागत नाही. तो समजतो विषबाधा झाली आणि पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो, असं एक मत आहे. म्हणजे घरात दोघांचं भांडण झालं की पाहुण्यांना हाकलायचं, तसला प्रकार.

पण मराठीत याला जे म्हणतात ते मला जास्त पटतं. ताप आपल्याला येतो, खोकला आपल्याला होतो, पण बोट 'लागते'. दृष्ट लागावी तशी. यात आपला काडीचाही दोष नाही, जे काही केलं ते बोटीने केलं. ती धक्क्याला लागायला अजून तासभर होता, त्याआधी ती मला लागली.

हे चालू असताना शेजारी सासूबाईंनी पिशवी उघडली. त्यांना कडकडून भूक लागली होती. त्यांनी फडक्यातून कडक भाकरी काढली. सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तो आवाज माहीत आहे. तिचा तुकडा मोडला तर दोन रांगा मागे माणसं वळून पाहतात. मागोमाग शेंगाचटणीचा डबा. त्या बंद, गार, हलत्या केबिनमध्ये लसणाचा वास सुटला आणि त्याने कुणालाही न विचारता थेट माझं घर गाठलं.

"आई, पिशवी," एवढंच मी म्हणू शकलो.

त्यांना वाटलं चटणीची. त्यांनी डबा पुढे केला.

पुढचं सविस्तर सांगत नाही. पहिली पिशवी वेळेत मिळाली, केवळ बायको मधे पडली म्हणून. सासूबाईंनी एका हाताने माझी पाठ चोळली, दुसऱ्या हातातली भाकरी काही खाली ठेवली नाही. माझ्यामागे आमचा निम्मा ग्रुप लागोपाठ कामाला लागला. पेपरवाले काका शेवटपर्यंत टिकले, पण धक्का दिसायला लागल्यावर, म्हणजे आता सुटलो असं वाटत असताना, पुरवणीसकट गेले. जरा डोळा उघडला तेव्हा बायको कानाशी म्हणाली, "रक्तातला समुद्र सगळा बाहेर आला, की अजून भरती आहे?"

उतरताना तो पोरगा दारातच होता. काही बोलला नाही. मला हाताला धरून फळीवरून उतरवलं.

संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. वाळू पांढरी, मागे उंच झाडी, सूर्यास्त पाचच्या सुमारास. सगळं सुंदर असावं, कारण फोटोत सुंदर दिसतं. मला तो किनारा संपूर्ण वेळ वरखाली होत होता. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लाटांना नमस्कार करत होत्या आणि मी वाळूत पालथा पडून जमीन धरून ठेवली होती.

परतीच्या बोटीला मी गोळी पाऊण तास आधी घेतली, शेवटची रांग मागून घेतली, आणि अख्खा प्रवास झोपेत पार केला. जागा झालो तेव्हा बायकोने सांगितलं की समुद्र आज तळ्यासारखा होता आणि बाहेर डॉल्फिन दिसले.

ती दुसरी पिशवी कोरीच राहिली होती. सासूबाईंनी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली. "चांगली जाड आहे, कशाला वाया घालवायची?" गेल्या महिन्यात त्या आमच्याकडे आल्या तेव्हा तिच्यात भरून अर्धा किलो शेंगाचटणी घेऊन आल्या. फ्रीजमध्ये दुसऱ्या कप्प्यात आहे. बायको म्हणते डब्यात काढून ठेव आणि खा. मी अजून फ्रीज उघडताना दाराला धरून उभा राहतो.