‘घरचंच आहे, काही होत नाही’

तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी माझा नऊ वर्षांचा नातू संध्याकाळी खेळून घरी आला आणि एरवी धडधडत जिना चढणारा हा मुलगा त्या दिवशी उजवा हात पाठीमागे धरून, भिंतीच्या कडेकडेने माझ्यासमोरून निघून जाऊ लागला. हात पुढे करायला लावला तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे वैद्य नाडी पाहतात तिथे, तीन रेघा दिसल्या. दोन नुसत्या लालसर होत्या आणि तिसरीच्या टोकाला मोहरीएवढे रक्त सुकले होते. शेजारच्या वहिनींच्या मांजराने बोचकारले होते. आपल्याला रागावतील ही भीती त्याला होतीच, पण मांजराला कुणीतरी मारेल ही भीती त्याहून मोठी होती, म्हणून त्याने अर्धा तास कुणालाच काही सांगितले नव्हते.

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचे सगळे आयुष्य गेले. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत कुत्रे किंवा मांजर आहे आणि प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेले आहे: ‘घरचंच आहे, काही होत नाही.’ त्या संध्याकाळी हेच वाक्य मी तीनदा ऐकले. आधी माझ्या मुलाकडून, मग वहिनींकडून आणि शेवटी ज्या खासगी दवाखान्यात आम्ही गेलो तिथल्या माणसाकडून, ज्याने जखमेकडे नीट न पाहताच धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन आम्हाला घरी पाठवले. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे, आणि त्या अनुभवावर रेबीजच्या बाबतीत मला हे वाक्य सर्वांत धोक्याचे वाटते, कारण ते प्रेमातून येते आणि म्हणूनच त्याला कुणी हरकत घेत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी आम्ही एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. नातवाला मोरीत नेऊन, नळाची धार मनगटावर सोडून, साध्या अंगाच्या साबणाने मी ती जखम धुतली. घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटे धुतली. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे एकदा स्वतः करून पाहावे. तिसऱ्या मिनिटाला मूल विचारते ‘झालं का?’, पाचव्या मिनिटाला आपल्यालाच वाटते की आता पुरे, आणि आठव्या मिनिटाला घरातले कुणीतरी पाणी वाया चालल्याची आठवण करून देते. तरी थांबायचे नाही. रेबीजच्या विषाणूवर चरबीचे पातळ आवरण असते, ते साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. उरलेला पाण्याबरोबर वाहून जातो. विषाणू सुरुवातीला जखमेच्या आसपासच असतो. तिथून तो मज्जातंतूत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. तो मज्जातंतूत शिरण्यापूर्वी त्याला गाठण्याची संधी आपल्या हातात असते, आणि तिच्यासाठी साबण व नळ एवढेच लागते. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावावे. हळद, तिखट, चुना, तेल, तंबाखू यांतले काहीही जखमेत भरू नये. माझ्या आजोळी कुत्रा चावला की जखमेत तिखट भरत असत, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिडते आणि धुण्याचा मौल्यवान वेळ निघून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरकारी लसीकरण केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘रक्त आलं होतं का?’ नातू लगेच म्हणाला, ‘नाही.’ मी म्हणाले, ‘आलं होतं, मोहरीएवढं.’ त्या मोहरीएवढ्या रक्ताने सगळा उपचार बदलला. जागतिक आरोग्य संघटनेने अशा संपर्काचे तीन वर्ग केले आहेत आणि आपल्याकडचे डॉक्टरही तेच वापरतात. प्राण्याला नुसता हात लावला किंवा धड कातडी त्याने चाटली, तर तो पहिला वर्ग; त्याला लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या कातडीला दात नुसते लागले, तर दुसरा; त्याला लस हवी. कातडी फुटून रक्त आले, किंवा आधीच्या जखमेला, डोळ्याला, तोंडाच्या आतल्या भागाला लाळ लागली, तर तिसरा. त्याला लसीबरोबरच इम्युनोग्लोब्युलिनही हवे. जखम किती लांब आहे किंवा किती दुखते याचा या वर्गवारीत कुठेच विचार नाही. नखाने रेबीज कसा होईल, असे पुष्कळ जण विचारतात. मांजर दिवसभर आपले पंजे चाटत असते, म्हणून नखावर लाळ असू शकते.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जवळून पाहायला मिळाले. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंतचे दिवस उघडे राहतात, म्हणून तयार प्रतिपिंडे थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. मनगटाच्या त्या कोवळ्या कातडीत बारीक सुई तीन ठिकाणी गेली तेव्हा नातू माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडला आणि मलाही ते पाहवले नाही. तरीही त्या बाईंनी ‘घरचं मांजर आहे ना?’ असे एकदाही विचारले नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पोटात चौदा इंजेक्शने द्यावी लागतात ही समजूत अजून आपल्या पिढीतून गेलेली नाही, आणि त्या धाकापायी लोक केंद्राची पायरी चढत नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि आपल्या देशात तिचा वापर केव्हाच बंद झाला. आता लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. नितंबावर देऊ नये, तिथे ती नीट लागू होत नाही. सरकारी केंद्रांत ती बहुधा कातडीत देतात: पहिला दिवस शून्य धरून शून्य, ३, ७ आणि २८ या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर शून्य, ३, ७, १४ आणि २८. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ती देता येते, हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याच नात्यातल्या एका सुनेला ‘सात महिने होत आले, आता सुई नको’ असे सांगून तिच्या सासरच्यांनी अडवले होते. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ती बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, क्वचित वर्षानंतरही. त्यामुळे आठ दिवस झाले आणि काही झाले नाही, म्हणून निश्चिंत होता येत नाही, आणि उशीर झाला म्हणून लस टाळताही येत नाही.

आता वहिनींविषयी. आम्ही केंद्रात जाऊन आलो हे कळल्यावर त्या दुखावल्या. ‘आमची मनी काय पिसाळलेली आहे का?’ असे त्यांनी मला विचारले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला वाटते, आपल्याकडे अडचण नेमकी इथे आहे. लस घेणे म्हणजे त्या प्राण्यावर, आणि पर्यायाने त्याच्या घरावर, आरोप करणे असे आपण मानतो. मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले की मनी आजारी आहे असे आम्हाला वाटत नाही. पण ती रात्री गच्चीवरून गच्चीवर जाते, इतर मांजरांशी भांडते आणि तिला एकही लस दिलेली नाही. कुत्र्याला लस देणारी माणसेही मांजराला देत नाहीत. मांजराची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, द्यायची असते. मग मी त्यांना दहा दिवसांचा हिशेब सांगितला. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत विषाणू आला की काही दिवसांतच ते प्राणी आजारी दिसतात आणि मरतात. चावल्यानंतर दहा दिवस प्राणी धडधाकट राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची असते, दहा दिवस वाट पाहून नव्हे. हा हिशेब कुत्र्यामांजरांपुरताच आहे. माकड चावले तर तो लावू नये.

रेबीजच्या धास्तीत बाकीच्या गोष्टी राहून जातात, म्हणून त्याही लिहिते. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून टिपक्याएवढे छिद्र दिसते आणि जंतू मात्र खोल सांध्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा जास्त वेळा पिकतो आणि तोही लवकर, कित्येकदा चोवीस तासांच्या आत. हाताच्या बोटावर चावा असेल, जागा गरम आणि लाल होत चालली असेल, बोट वळत नसेल, ताप आला असेल किंवा लाल रेघ हातावरून वर चढताना दिसत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी, प्लीहा काढलेल्यांनी आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी तर जखम साधी दिसत असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. पिसवा झालेल्या मांजराच्या पिल्लाने ओरखडल्यावर एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत गाठ येऊ शकते. ओरखडा तोवर भरून गेलेला असतो आणि डॉक्टरांना त्याविषयी कुणी सांगत नाही, ते सांगावे. जखम घट्ट बांधू नये, आणि टाके घालायची घाई करणाऱ्यांना कारण विचारावे.

मुलांना या बाबतीत कधीही रागावू नये, हे मी आता घरात सगळ्यांना बजावले आहे. त्या संध्याकाळी नातवाचा हात मला दिसला तो केवळ योगायोगाने.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, वहिनी मनीला टोपलीत घालून स्वतः आमच्याकडे आल्या, तिला अंगणात सोडले, आणि ती नेहमीसारखी नळाखाली जाऊन पाणी प्यायली. नातवाने तिला लांबूनच पाहिले. पुढची लस थांबवायची का, असे मी डॉक्टर बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की मूल मांजरांत खेळणारे आहे, तेव्हा पूर्ण करून टाका; पुढे कधी असे झाले तर दोनच सुया लागतील आणि जखमेतले इंजेक्शन पुन्हा लागणार नाही. अठ्ठाविसावा दिवस येत्या मंगळवारी आहे. मनीला त्याच आठवड्यात पशुवैद्यांकडे न्यायचे ठरले आहे आणि टोपली धरायला मी जाणार आहे.